माळावरची सुरंगी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर रागावला. शिष्याने गुरूंवर रागावू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण आधी त्याची हकीकत ऐका, म्हणजे तुम्हीही त्याचीच बाजू घ्याल.

त्याचे नाव रवळू. कोकणात, घाटाच्या पायथ्याशी, जिथे भर दुपारीही ऊन धड जमिनीवर उतरत नाही अशा दाट झाडीतल्या गावचा तो. आई वारली, तेव्हा तिच्या अंगणातल्या सुरंगीचे एक रोप त्याने ओल्या मातीच्या गोळ्यासकट फडक्यात बांधले, आणि घाट चढून तो एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात आला. बहराच्या दिवसांत सुरंगीच्या फुलांचा गजरा आई रोज माळायची. तो वास आला की आई घरात आहे, एवढे त्याला लहानपणापासून माहीत होते.

आचार्य तरुणपणी तांड्यांबरोबर, गलबतांवरून पुष्कळ हिंडले होते. पृथ्वीवर कोणत्या जिवाचे बिऱ्हाड कुठे आहे आणि तिथेच का आहे, हा त्यांचा विषय. बर्फाळ प्रदेश, जिथे झाड उगवतच नाही आणि हरणांचे कळप शेवाळावर जगतात, सुईसारख्या पानांची अरण्ये, वाळवंटे, खाडीकाठची खारफुटी, समुद्राच्या तळाशी पोवळ्यांनी बांधलेली वस्ती. रवळूला सारे तोंडपाठ होते. एकदा आचार्यांनी विचारले, "आणि आपण बसलो आहोत, ही जागा कोणती?"

रवळूने चहूकडे पाहिले. गुडघाभर पिवळे गवत, वर आभाळ, दुसरे काही नाही. "ही? हा नुसता माळ, आचार्य. इथे काय आहे?"

आचार्य हसले आणि त्यांनी विषय बदलला. ते हसणे पुढे त्यांना महागात पडले.

तोवर मडक्यात जगवलेले रोप लावायला रवळूने आश्रमाजवळ पहार मारली, तर खाली मुरूम. हाताला फोड आले, पण वीतभर खड्डा होईना. शेवटी हाकेच्या अंतरावर, माळाच्या मधोमध, एका जागी पहार लोण्यात शिरावी तशी आत गेली. आईचीच कृपा, असे म्हणून त्याने रोप तिथे लावले. विहीर लांब होती. रोज दोन घागरी तो वाहायचा, आणि काय नवल, दुसऱ्या दिवसापासून आचार्यही एक घागर घेऊन त्याच्यामागे चालू लागले. सत्तरीचा माणूस, धाप लागायची, पण एक दिवस चुकला नाही.

आठव्या वर्षी सुरंगी माणसाच्या डोक्यावर गेली. त्याच सुमारास मेंढरे घेऊन आलेला म्हाकू धनगर तिच्यापाशी थबकला. बोलायला फटकळ माणूस. म्हणाला, "म्हाराज, कावळ्याला चांगलं मचाण बांधून दिलंसा की!" रवळूला ते झोंबले. एवढ्या मायेने वाढवलेल्या झाडाला मचाण म्हणतो, म्हणजे काय?

फाल्गुनात तिच्या खोडाला कळ्या आल्या. त्या उमलल्या त्या सकाळी रवळू घागर खाली टाकून झाडाला मिठी मारून रडला, अगदी लहान मुलासारखा हुंदके देत रडला. आठ दिवस तो तिथेच बसून होता. नवव्या दिवशी विहिरीवरून परतताना कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. धावत जाऊन पाहतो तर सुरंगी आडवी पडलेली, आणि कुऱ्हाड आचार्यांच्या हातात!

"आपण?" त्याचा आवाज फाटला. "माझी आई होती ती! पाणी घालणारे हातच असे उलटले, तर मी कुणाकडे पाहायचे? मी चाललो. यापुढे मला आपले तोंड दाखवू नका."

"जा," आचार्य म्हणाले. "फक्त जाण्यापूर्वी एकदा खाली पाहा. आठ दिवस तू वरच पाहत होतास."

रवळूने पाहिले. बुंध्याभोवती फुटकी कवचे पडली होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. शेजारी दोन इवली पिसे.

"कवचे टिटवीच्या अंड्यांची, पिसे चंडोलाच्या पिलांची," आचार्य म्हणाले. "टिटवी अंडी उघड्या जमिनीवर घालते. चंडोल गवताच्या बुडाशी घालतो. आजवर कावळ्याला इथे टेहळायला उंच जागाच नव्हती, म्हणून त्यांचे संसार चालले. तू ज्याला नुसता माळ म्हणालास, ते त्यांचे भरले घर आहे, बाळा. तुझ्या गावी सुरंगी शोभते, तसे इथे गवत शोभते. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवे होते. मी हसलो आणि सोडून दिले. मग निदान कळ्या उमलेपर्यंत तरी झाड राहू दे, म्हणून थांबलो, आणि त्यापायी ही दोन घरटी गेली. तो दोष माझा आहे."

"मग पाणी तरी का वाहिलेत?"

आचार्य खाली बसले. "मुरमाच्या या माळावर एवढ्याच जागी माती मऊ कशी, असे तुला कधी वाटले नाही? माझे गाव हिमालयात आहे. तिथून आणलेला देवदार मी इथेच लावला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात तो वाळला. तुझे रोप पाहिले, आणि माझ्याने राहवले नाही रे."

रवळूने त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. बुंध्याची उरलेली मुळे त्याने स्वतःच खणून काढली. फुले तेवढी ओंजळीत घेतली आणि मूठभर आचार्यांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी रवळूने जाण्यासाठी गाठोडे बांधले नाही.

पुढे आचार्य गेले. रवळूचेही केस पिकले, आणि लोक त्याला आचार्य म्हणू लागले. एका सकाळी समुद्रकाठचा एक नवा शिष्य कोंब फुटलेला नारळ पोटाशी धरून आला, दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहार घेऊन माळात शिरला. रवळू दारातून पाहत राहिला. पोराने इथे मारली, तिथे मारली. मग एका जागी पहार सहज आत गेली, आणि त्याचा चेहरा उजळला.

रवळूचे डोळे भरून आले. त्याने कोपऱ्यातली घागर उचलून खांद्यावर घेतली, दुसऱ्या हाताने त्या पोराचा हात धरला, आणि विहिरीकडे जाताना वाट थोडी वाकडी करून आधी त्याला टिटवीचे घरटे दाखवले.