विचारणाऱ्याची खुर्ची

“म्हणजे मी सोमवारी रुजू होऊच नको का, आबा?”

आबा उंबरजे शेंगा फोडत होते. दाणे वाटीत, टरफलं मांडीवरच्या पंच्यावर. त्यांनी प्रश्न ऐकला, पण मान वर केली नाही.

खरं तर ते तसं काही बोललेच नव्हते. तेजस्विनी बारबोले आली, पाया पडली, पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवला. त्यावर आबांनी एवढंच विचारलं होतं, की रुबिनाच्या घरी पेढे दिलेस का. पण मनात चोर असला की साध्या विचारण्यातही निकाल ऐकू येतो. तेजस्विनीचं तसंच झालं. पुडा अजून पायरीवर तसाच होता, दोऱ्याची गाठही सुटली नव्हती.

बार्शीत दत्ताच्या देवळामागच्या ओवरीत आबा राहत. सूतगिरणीत जन्मभर हिशेब लिहून निवृत्त झाले, पुढे बायको गेली, आणि घर मुलाच्या हवाली करून ते इथे येऊन राहिले. गावाने त्यांना महाराज करून पाहिलं. काहीजण तर नारळ घेऊन आले. आबांनी नारळ फोडून खोबरं त्यांनाच वाटलं आणि घरी पाठवलं.

मात्र बारावी कॉमर्स झालेली पोरंपोरी आली की त्यांना ते बसवून घेत. या मुलांना सोलापूरला सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम शिकायला लागायचं असे. हिशेब त्यांना यायचा, गाडी अडायची ती मुलाखतीत. साहेबापुढे तोंड उघडायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

आबांकडे घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या होत्या. एक विचारणाऱ्याची, एक सांगणाऱ्याची. दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. तरी पहिलीत आबा बसले आणि समोरच्या पोराला “अहो” म्हणाले, की ते पोर सावरून बसायचं.

नियम एकच होता. अडखळायचं नाही. जो अडखळला त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

तेजस्विनी कधी अडखळली नव्हती. पहिला नंबर तिला बालवाडीपासून आंदण मिळाला होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा असू शकतो हे तिच्या गावीही नव्हतं. त्यात तिचा एकटीचा दोष नाही, कौतुक करणाऱ्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. आता सोलापूरच्या ऑफिसानेही तिलाच निवडलं होतं. तिच्यासोबत गेलेल्या रुबिना तांबोळीला मात्र नाही.

“खुर्चीत बस,” आबा म्हणाले.

ती सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसली. आबांनी हात झटकले, पंचा बाजूला ठेवला आणि समोरच्या खुर्चीत येऊन टेकले.

“हातून झालेली एक चूक सांगा.”

सोलापूरच्या साहेबांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, याच शब्दांत.

“आबा, मी...”

“सांगा.”

तिने पायरीवरच्या पुड्याकडे पाहिलं.

या प्रश्नाला रुबिनाने याच ओवरीत, याच खुर्चीत बसून उत्तर दिलं होतं. शाळेची सहल परांड्याच्या किल्ल्यावर गेली होती. पोरी मोजायचं काम रुबिनाकडे. येताना तिने गाडीत पोरी मोजल्या, आकडा जुळला, गाडी सुटली. फाट्यावर चहाला थांबले तेव्हा कळलं, की पाचवीतली एक पोरगी गाडीत नाही. जाताना रुबिनाने स्वतःला सोडून मोजलं होतं आणि येताना स्वतःला धरून.

गाडी माघारी फिरली. पोरगी बुरुजाच्या पायरीवर तुटकी चप्पल हातात धरून बसली होती. रडत नव्हती. “मला वाटलं तू अजून मोजतीयास,” असं ती रुबिनाला म्हणाली. तेव्हापासून रुबिना काहीही मोजताना एकदा पुढून मोजते, एकदा मागून.

पहिल्यांदा सांगताना रुबिना एका जागी अडखळली होती. आबांनी तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. ती पुन्हा तिथेच अडखळली, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. होता होता अडखळ गेली आणि गोष्ट सरळ वाहू लागली. आबा खूश झाले. उत्तर असं असावं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

तोवर ते उत्तर सगळ्यांनाच तोंडपाठ झालं होतं.

“साहेब काय म्हणाले, तू सांगितल्यावर?” आबांनी विचारलं. आता ते “अहो” म्हणाले नाहीत.

तिने मान खाली घातली. आबांना ठाऊक होतं तर.

मग तिने सगळं सांगितलं. कामात गुंतलं की मला जेवायचंसुद्धा भान राहत नाही, अशी एक गोड चूक तिने घरून तयार करून नेली होती. पण तिच्याआधी आत गेलेला एक मुलगा बाहेर येऊन म्हणाला, की साहेब असल्या उत्तराला हसतात. लगेच तिला हाक आली. नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षराप्रमाणे घेत होते, त्यामुळे बारबोले आधी आणि तांबोळी शेवटी. प्रश्न आला तेव्हा तिचं डोकं कोरं झालं. आणि त्या कोऱ्या डोक्यातून परांड्याचा किल्ला बाहेर पडला. बुरूज, चप्पल, पुढून एकदा आणि मागून एकदा, सगळं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवून ऐकलं.

“मग रुबिना गेली आत...” तेजस्विनी थांबली.

देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

“बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाली, ते विचारत होते, त्या गाडीत मोजणाऱ्या होत्या तरी किती जणी. आणि सगळे हसले म्हणं.”

“तुला काय बोलली?”

“काहीच नाही. एसटीत माझ्यासाठी जागा धरली होती, रोजच्यासारखी. पण बार्शी येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत बसली.”

ती शिव्या देती तर बरं झालं असतं, असं तेजस्विनीला वाटत होतं. त्या धरलेल्या जागेने तिची झोप उडाली होती. पेढ्यांचा पुडा घेऊन ती दोनदा तांबोळी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती आणि दोनदा मागे फिरली होती.

आबा म्हणाले, काल ते स्वतः रुबिनाकडे जाऊन आले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका ऑफिसात मुलाखती आहेत, तिथे चल म्हणून सांगायला. रुबिनाने चहा केला, समोर बसली, पण जाणार नाही म्हणाली. माझ्यापाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आता ती सांगितली की मी खोटी ठरते, असं म्हणाली.

तेजस्विनीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग ती ताठ बसली. हे वाक्य तिने रात्रभर मनात घोळवलं होतं.

“मी नोकरी सोडते, आबा. दुसऱ्याचं घेऊन मिळालेलं मला नको. माझं ठरलंय.”

ते तिने छान म्हटलं. आवाज कुठेही हलला नाही.

“तू सोडलीस तर ती जागा रुबिनाला देतील?”

“नाही... यादीत दुसरा मुलगा आहे.”

“मग कुणासाठी सोडणार?”

ओढणीचं टोक तिच्या मुठीतून सुटलं.

“हे पण घरनं पाठ करून आलीस,” आबा म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, आणि त्यामुळेच तिला ते जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं तशी ती उसळली.

“मी पण होते की त्या गाडीत! अगदीच काही खोटं नाही सांगितलं मी. मी बघितलंय सगळं.”

“मोजत कोण होतं?”

“रुबिना.”

“तू कुठं होतीस?”

“पुढं. खिडकीशी.”

“काय करत होतीस?”

पुडक्यापाशी आलेली एक मुंगी तेजस्विनीच्या पायावरून चालत गेली, ते तिला कळलंही नाही.

“मी... ओरडत होते.”

“काय म्हणून?”

“चल की लवकर, किती वेळ मोजतीस, म्हणून. घरी पाहुणे यायचे होते आमच्या. मी... सगळ्या पोरींना टाळ्या वाजवायला लावल्या. ती मधेच विसरली, परत पहिल्यापासनं मोजायला लागली, मग आम्ही परत...” तिचा आवाज चिरकला. “बाईंनी नंतर विचारलं तेव्हा रुबिनानं माझं नाव घेतलं नाही. मीच चुकले म्हणाली. मला वाटलं, बरं झालं.”

ती बसली होती त्या खुर्चीकडे आबांनी बोट केलं.

“ती इथं अडखळायची,” आबा म्हणाले. “कुठं, आठवतं?”

“मोजण्यापाशी.”

“तिथं ती काय गाळत होती?”

तेजस्विनी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू पडला.

“मला,” ती म्हणाली.

आबांनी चष्मा काढला. पंच्याच्या टोकाने पुसला, पण परत डोळ्यांवर चढवला नाही. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

“आणि मी तिच्या मागं लागून ती अडखळ काढली,” ते म्हणाले. “चांगली घासून काढली. अडखळ होती तोवर ती गोष्ट तिची होती. नंतर कुणाच्याही तोंडात बसली असती... तुझ्या बसली.”

ते हे तिला सांगत होते की स्वतःला, हे तिला समजेना. आपल्या गुरूची चूक ऐकून बरं वाटेल असं तिला कधीतरी वाटलं असतं. आता मात्र वाईटच वाटलं. आपण एकट्या रुबिनाचं घेतलं नाही, या म्हाताऱ्याच्या शिकवण्याचंही काहीतरी नासवलं, असं तिच्या मनात आलं आणि ती रडू लागली. आबांनी तिला रडू दिलं.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं.

“आता मी काय करू, आबा?”

आबा उठले. ज्या खुर्चीत ते बसले होते ती त्यांनी घडी केली. खटकन आवाज झाला. विचारणाऱ्याची खुर्ची घडी झालेली तेजस्विनीने आजवर पाहिली नव्हती.

“घे,” ते म्हणाले.

“कुठं नेऊ?”

“तांबोळी गल्लीत. रुबिनाच्या दारात मांड. तिला बसव.”

“आणि मी?”

“तुला खुर्ची नाही.”

तिने खुर्ची काखेत मारली. दिसायला लहान, पण लोखंडाची, चांगलीच जड होती. पेढ्यांचा पुडा उचलावा की नाही हे तिला कळेना. शेवटी तिने तो तिथेच राहू दिला. बाजारपेठ ओलांडून जायचं होतं आणि संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. तिच्या वडिलांचं दुकानही वाटेतच होतं.

“लोक विचारतील, खुर्ची घेऊन कुठं चाललीस म्हणून.”

“मुलाखतीला, म्हणावं.”

ती पायऱ्या उतरली. पहिल्या नंबरने चालणाऱ्या पोरीची चाल खुर्चीच्या वजनाने एका बाजूला झुकली होती. देवळाच्या कोपऱ्यापाशी ती थांबली. तिने एक वाक्य मनात जुळवून पाहिलं, ते मोडलं. दुसरं जुळवलं, तेही मोडलं. रुबिना दार उघडेल, आपल्याकडे बघेल, आणि मग? तिला पुढचं काही दिसेना. आजवर एकाही परीक्षेला ती अशी रिकामी गेली नव्हती.

ती मागे वळली. ओवरीत आता एकच खुर्ची उरली होती, सांगणाऱ्याची. तिच्यात आबा बसले होते. समोर कुणी नव्हतं. चष्मा अजून हातातच होता.

“आबा...” तिने लांबूनच विचारलं, “आणि मी अडखळले तर?”

आबांनी मान वर केली.

“अडखळ,” ते म्हणाले.