वैजूचा डावा पाय

“वस्ताद, हा पाय माझा कधी होणार?”

हिंदुराव वस्ताद गोलपोस्टसमोर वाकून खडे वेचत होते. मैदानावर कुणा पोरीचा गुडघा फुटू नये म्हणून रोज सकाळी त्यांचं हे चालायचं.

“कुठला पाय?” त्यांनी वाकूनच विचारलं.

“डावाच की. दुसरा कुठला!”

नदीकडून धुकं आलं होतं. गोलपोस्टचे खांब त्यात विरघळले होते, वरचा आडवा बार तेवढा हवेत तरंगत होता. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लहान मुलींचा सराव सुरू झाला होता. त्या दिसत नव्हत्या. त्यांचं हसणं मात्र येत होतं, पाण्याखालून आल्यासारखं.

वैजू याच मैदानावर वाढली. दुधाचे दात पडायच्या आधी वडिलांचं बोट धरून आली होती, ती आता वस्तादांच्या खांद्याला लागत होती. तिचा उजवा पाय उपजतच चांगला. त्या पायानं तिनं इतके गोल केले की पेठेतली माणसं तिला नावानं हाक मारायला लागली. डावा मात्र दगड. एका पावसाळ्यात वस्तादांनी तिला उजव्या पायातला बूट काढून खेळायला लावलं, म्हणजे मारायची वेळ आली की डावाच पुढं येईल. घरामागच्या पाण्याच्या टाकीवर तिनं डाव्या पायानं इतके बॉल मारले की गिलावा सुटला. आईनं चिडून बॉल माळ्यावर टाकला, तर ही माळ्यावर चढली.

एवढं सगळं केलं. आणि जिल्ह्याच्या फायनलला बॉल नेमका डाव्या पायाशी आला. समोर गोल मोकळा. वैजू तो उजव्यावर घ्यायला वळली... तेवढ्यात समोरच्या बॅकनं बॉल काढून नेला.

मॅच गेली. लोक विसरले. वैजू विसरली नाही.

उद्या राज्याच्या संघाची निवड होती. आपण जायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. फक्त ‘जाऊ नको’ हे वस्तादांनी म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

“अजून मेहनत करू?”

“कर.”

“केली की! किती केली, तुम्हीच बघितली.”

“मग नको करू.”

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते धुकंच आहे असं तिनं ठरवलं.

“चेष्टा करू नका, वस्ताद. एकदाच सरळ सांगा. मला जमलं का नाही?”

वस्ताद कंबरेवर हात ठेवून सावकाश उभे राहिले.

“जमलं न्हाई, आसा दिवस कुठला? त्यो सांग.”

वैजू आठवायला लागली.

एक सकाळ आठवली, बॉल नदीत गेलेला. एक आठवली, अंगठ्याचं नख निघालेली. मग कितीतरी सकाळी त्यांच्या मागून येऊ लागल्या, एकीत एक मिसळलेल्या, सगळ्या अशाच पांढऱ्या, ओल्या. प्रत्येकीत एक लहान पोर डावा पाय मागं नेत होती आणि बॉल भलतीकडेच जात होता. ती पोर मोठी कधी झाली, ते कुठल्याच सकाळी दिसेना.

“सगळेच,” ती म्हणाली.

“एक बी दिवस जमलं न्हाई?”

“एकही नाही.”

“...बरं.”

वस्ताद पुन्हा खाली वाकले. ‘बरं’ म्हणजे काय, ते तिला कळेना. ती त्यांच्यामागून चालू लागली.

“बरं काय, वस्ताद? उद्या तिथं सगळ्यांसमोर हसं होईल माझं. उजवीकडून बॉल आला तर मी कुणाला ऐकत नाही. पण डावीकडून आला की...”

“ताईऽ, बॉऽल!”

धुक्यातून एक बॉल उड्या मारत आला आणि तिच्या डाव्या अंगाला उतरला. वैजूनं मान वळवली नाही. पावलंही बदलली नाहीत. चालता चालता तिनं तो हाकेच्या दिशेनं परत पाठवला.

“...डावीकडून आला की माझा पाय लाकडाचा होतो, वस्ताद. खरं सांगते. लाकडाचा.”

बॉल धुक्यात गेला. त्याचा जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही.

मग पलीकडून एक बारीक किंकाळी आली, आनंदाची.

“अगंऽ! सरळ माझ्या हातात आला!”

वस्ताद थांबले होते.

“कुठल्या पायानं मारलास?”

“काय?”

“आत्ता. बॉल.”

वैजूनं खाली बघितलं. दोन्ही बूट दवानं सारखेच भिजले होते. दोन्हींना गवताची पाती चिकटली होती. तिनं आधी एक पाय किंचित उचलून बघितला, मग दुसरा.

“...माहीत नाही.”

वस्तादांनी वाकून आणखी एक खडा उचलला.

“डावा होता?” तिचा आवाज एकदम लहान झाला, कधीकाळी बोट धरून आलेल्या पोरीसारखा. “वस्ताद, तुम्ही तर इथंच होता. डावा होता का?”

धुकं हळूहळू त्यांच्या दोघांमधून सरकत होतं. पलीकडे मुली पुन्हा हसल्या.

“बॉल पोचला,” वस्ताद म्हणाले. “हं... तू काय सांगत हुतीस?”