लोहार, सुईण आणि सैल स्क्रू

लई जुनी गोष्ट आहे. एवढी जुनी, की डोंगरातल्या गावांना अजून नावंसुद्धा ठेवली नव्हती. मग तेव्हा गिअरची सायकल कुठून आली, असं विचारणाऱ्याने गप मागे जाऊन बसावं. होती म्हणजे होती.

ती सायकल सुईणबाईची. वरच्या वाडीत कुणी बाळंतपणाला अडलं, की बाई सायकलवर घाट चढून जायची. तिचा नवरा लोहार. नांगराचा वाकडा फाळ चार घावांत सरळ करायचा.

एकदा सायकल कटकट करायला लागली. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, म्हणजे चढाच्या गिअरवर, चेन जाईचना.

"अहो, बाजारातल्या मिस्त्रीकडे नेते," बाई म्हणाली.

"लोहाराची बायको लोखंड घेऊन दुसऱ्याच्या दारात? गाव दात काढेल माझ्यावर. मी करतो."

"तुम्हाला येतं?"

"कुऱ्हाड येते, कोयता येतो, आणि हे एवढंसं काय घेऊन बसलीस!"

खरं तर फक्त गिअरची वायर ढिली पडली होती. जराशी ताणली असती तर काम झालं असतं. पण लोहाराला दिसला एक बारका स्क्रू. तो स्क्रू म्हणजे चेनचं कुंपण. चेनने मोठ्या चकतीवरून पलीकडे स्पोकमध्ये उडी मारू नये, म्हणून बसवलेला. लोहाराने तो सैल केला. अजून सैल केला. वायरही करकचून ओढली. मग सायकल उलटी करून हाताने पायडल फिरवलं. चेन टुणकन मोठ्या चकतीवर!

"बघितलंस?"

"एकदा बसून चढावर बघा ना."

"कशाला? फिरतंय की!"

तो स्क्रू नेमका कशाचा, हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. पण बायकोसमोर कबूल कोण करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या वाडीचा एक माणूस धापा टाकत आला. "बाई, माझी बायको अडलीय. लवकर चला!"

बाई निघाली. घाटाच्या उभ्या वळणावर तिने चढाचा गिअर टाकला आणि जोर लावला. चेन थेट स्पोकमध्ये गेली. चाक जागच्या जागी अडकलं, बाई दगडावर आपटली. गुडघा फुटला. चेन ओढून बघितली, निघेना. मग सायकल तिथंच टाकून ती लंगडत वर चढली.

पोचली तेव्हा बाळ जन्मून गेलं होतं. नाळ गळ्याभोवती अडकलेली. सोडवायला बाईचं एक बोट पुरलं असतं.

मुलगी होती. रडलीच नाही.

घरी येऊन बाई एवढंच बोलली, "चेन स्पोकमध्ये गेली." तो बारका स्क्रू कशाचा होता, ते लोहाराला तेव्हा कळलं.

लोक म्हणाले, नशीब. लोहाराला माहीत होतं, नशीब नव्हतं. सकाळी तो घाट चढून गेला आणि त्या आईपुढे बसून सगळं सांगितलं.

तिने बाळासाठी बांधलेल्या रिकाम्या झोळीकडे बघितलं. मग म्हणाली, "दादा, येत नव्हतं तर तसं बोलला का नाहीत? बाई मिस्त्रीकडे गेली असती."

गाव हसलं असतं, एवढंच लोहाराकडे उत्तर होतं. त्या घरात ते त्याला बोलता येईना.

तर पोरांनो, आणि मोठ्यांनो तुम्ही पण: येत नसेल तर सरळ 'येत नाही' म्हणा, कारण आपण लपवलेल्या अडाणीपणाची शिक्षा भलत्यालाच होते.