भिंतीकडचा हात

प्रवरा नदी डोंगराला वळसा घालून जिथे जरा संथ होते, तिथे निंबदरी नावाचे लहानसे गाव होते. गावाच्या उगवतीला एक कौलारू प्रार्थनामंदिर, आणि त्याच्या पडवीत शिमोन महाराजांचा मुक्काम असे. महाराज मूळचे टांगेवाले. ऐन तारुण्यात त्यांना प्रभू येशूचे वेड लागले. टांगा आणि घोडी धाकट्या भावाच्या स्वाधीन करून, एकतारी खांद्याला लावून ते घराबाहेर पडले ते पडलेच. अंगात जाडाभरडा सदरा, डोक्याला पांढरे मुंडासे, आणि बोलणे असे की शेळ्या राखणाऱ्यालाही कळावे. पण त्यांच्याजवळ घटकाभर बसले की जिवाची तगमग थांबते, हा पंचक्रोशीचा अनुभव होता. भाविकहो, त्या सत्पुरुषाच्या सहवासात एका गरीब बाईला काय लाभले, ते आज ऐकावे. आपल्यातला कोणी थकलेला असेल, तर त्याने जरा जवळ सरकून ऐकावे.

त्या बाईचे नाव ठकूबाई. नवरा लवकर गेला. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायच्या आणि बाजाराच्या दिवशी विकायच्या, एवढाच तिचा चरितार्थ. तिला चिमा नावाची एकुलती एक लेक होती. मुलगी सात वर्षांची असताना मायलेकी नदीपलीकडून शिंदीची पाने घेऊन येत होत्या. पाणी गुडघ्याएवढे होते. वर डोंगरात कुठे पाऊस झाला होता, ते या दोघींना काय ठाऊक! मध्यावर आल्या आणि लोंढा आला. ठकूबाईने लेकीचा हात घट्ट धरला होता. तरी तो सुटला.

त्या दिवसापासून अकरा वर्षे ठकूबाईला धड झोप म्हणून लागली नाही. डोळे मिटले की तळहातातून इवलीशी बोटे निसटल्यासारखी वाटत आणि ती दचकून उठून बसे. जागरणाने तिची स्मरणशक्ती गेली. चुलीवर काय ठेवले ते आठवू नये, बाजारात कोणाला केरसुणी दिली ते आठवू नये. गावाने तिचे नाव ‘येडी ठकू’ ठेवले.

एकदा ती प्रार्थनामंदिराची पडवी सारवायला आली. दुपारची वेळ होती. महाराज खांबाला टेकून एकतारीची तार लावीत होते. तिचे तांबारलेले डोळे पाहून महाराज म्हणाले, “बाई, किती दिवस झाले झोपून?”

एवढ्या वर्षांत असे कोणी विचारलेच नव्हते! शेणाने भरलेले हात तसेच धरून ठकूबाई रडू लागली. रडत रडत तिने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, “म्हाराज, माझ्या हातानं सोडली मी तिला. आता मला कशाचा इसावा?”

महाराजांनी एकतारी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “तुझ्या हातून सुटली, हे खरं. मी खोटं सांगणार नाही. पण बाई, ती खाली पडली नाही. त्या पाण्यात आणखी एक हात होता. खिळ्यानं भोसकलेला. तो हात कुणाला सोडत नाही. लेकरू त्याच्यापाशी आहे.”

“आन मी?”

“तुलाही त्यानंच धरलंय. तू त्याला धरून ठेवायची गरज नाही.” महाराज हसले. “मी टांगा हाकत होतो ना, तेव्हा दमलेली माणसं बसायची. बसली की पेंगायची. लगाम त्यांनी धरला होता का? ती झोपली तरी गावाला पोचायची. हाकणारा जागा असला म्हणजे झालं. प्रभू जागा आहे. तू नीज.”

आणि काय सांगावे! ठकूबाई तिथेच अर्धवट सारवलेल्या पडवीत, दंडाची उशी करून, सूर्य कलेपर्यंत निजली. महाराजांनी उठून उरलेली पडवी स्वतः सारवली, पण तिला हाक मारली नाही.

उठल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. “म्हाराज, मला त्याची व्हायचंय. मला बाप्तिस्मा द्या.”

बाप्तिस्मा देणारे पाळकसाहेब तालुक्याहून दोन महिन्यांनी एकदा येत. तोवर इच्छुकांना शिकवणे, त्यांची परीक्षा घेणे, हे काम गावच्या मिशन शाळेतील शद्रक मास्तरांकडे होते. मास्तर मोठे विद्वान. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार ही श्रद्धेची कबुली, धर्मशास्त्रातले अध्यायच्या अध्याय त्यांना मुखोद्गत होते. मध्येच कुठूनही सुरुवात करून द्या, मास्तर पुढचे घडाघडा म्हणून दाखवीत. माणूस वाईट नव्हता. पण देवाच्या घरची किल्ली पाठांतरात आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि ती किल्ली आपल्या खिशात आहे असेही.

ठकूबाई रोज जाऊन बसे. ऐके. घरी येईतो सारे विरून जाई. पहिल्या परीक्षेला तिला तीन आज्ञा आल्या, दुसऱ्या खेपेला दोन. तिसऱ्या खेपेला ती उभी राहिली आणि तिला एकही आठवेना.

सगळ्या मंडळीदेखत मास्तर म्हणाले, “ठकू, देवाच्या दरबारात तुला विचारतील, तू कोण, तुला काय येतं? तेव्हा काय सांगशील? मला केरसुण्या बांधता येतात म्हणून?”

लोक हसले. ठकूबाईही कसनुशी हसली आणि खाली बसली. घरी न जाता ती सरळ महाराजांकडे आली.

“म्हाराज, मला न्हाई ध्यानात राहत. म्या लई केलं. तो मला दारातनंच परत लावील का वो?”

“तुला काय काय आठवतं ते सांग बरं,” महाराज म्हणाले.

ती विचार करकरून म्हणाली, “त्यानं मला धरलंय. एवढंच आठवतंय.”

महाराजांचे डोळे भरून आले. “आईच्या काखेतल्या लेकराला आईचं नाव विचारलं तर ते सांगू शकत नाही. म्हणून आई त्याला टाकते का? तुझ्या ध्यानात नाही राहिलं, पण तू त्याच्या ध्यानात आहेस. जा, सुखानं नीज. मास्तरांवर रागावू नकोस. त्यांनाही अजून झोप लागायची आहे.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ ठकूबाईला त्या दिवशी कळला नाही.

चैत्रात शद्रक मास्तर तापाने पडले. विषमज्वर होता. दोन आठवडे ताप हटेना. मग त्यांना भ्रम झाला आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. तोंडपाठ असलेले सारे काही गुंतून गेले. एक वचन म्हणायला लागावे आणि मध्येच अडावे. पहिल्याला दुसऱ्याचे शेपूट लागावे. मास्तर घामाघूम होऊन उठून बसत. “पुढचं काय? मार्था, पुढचं काय? मला विचारतील! मला येत नाही!” असे ओरडत. पत्नी मार्थाबाई पोथी उघडून वाचून दाखवी, पण त्यांना ते ओळखू येईना. डोळा लागला तर तसेच, काही न येता, देवापुढे उभे राहावे लागेल, या भयाने ते झोप येऊ देईनात. पाच दिवस असे गेले. तालुक्याचे डॉक्टर येऊन म्हणाले, “आज यांना झोप लागली नाही, तर हृदय टिकायचं नाही. औषध होतं तेवढं दिलं.”

मार्थाबाई अनवाणी धावत पडवीत आली आणि तिने महाराजांचे पाय धरले. “महाराज, चला. त्यांना काहीतरी सांगा.”

ठकूबाई तेव्हा अंगण झाडीत होती. महाराजांनी तिच्याकडे पाहिले. “ठकूबाई, तू जा.”

तिच्या हातातली केरसुणी गळून पडली. “मी? म्हाराज, ते येवढे शिकलेले. मला तर काईच येत न्हाई.”

“ज्यांना येतं ते सगळे जाऊन आले,” महाराज म्हणाले. “झोपेविना रात्री कशा जातात, ते तुला ठाऊक आहे. तुला जेवढं आठवतं तेवढं घेऊन जा. मी इथं गुडघे टेकतो, तू तिथं बस. बाकीचं तो पाहील.”

भर दुपारी ठकूबाई मास्तरांच्या घरात शिरली. मनात तिला त्या दिवसाचे हसू अजून ऐकू येत होते, हे लपवायला नको. पण खाटेवरचे ते डोळे तिने पाहिले मात्र, आणि तिचे मन विरघळले. तसेच आपले डोळे तिने अकरा वर्षे घागरीच्या पाण्यात पाहिले होते! खाट डाव्या अंगाला भिंतीशी लावलेली होती. ती उजवीकडे जमिनीवर बसली आणि तिने मास्तरांचा तापलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मास्तर किंचाळले, “कोण? परीक्षा घ्यायला आलात? थांबा, मला आठवतंय... थांबा...”

“न्हाई मास्तर, परीक्षा न्हाई. मी ठकू हाय.”

“ठकू? तुला पुढचं येतं?”

“मला बी न्हाई येत,” ठकूबाई म्हणाली. “पर त्यानं धरलंय. तुम्ही सोडा. त्यानं धरलंय.”

मास्तर पुन्हा वचनांची जुळवाजुळव करू लागले. ती त्यांना अडवीना. ते थांबले की म्हणे, “त्यानं धरलंय.” ते ओरडले तरी त्याच सुरात म्हणे, “त्यानं धरलंय.” किती वेळा म्हणाली याला गणती नाही. उंबऱ्यात बसलेली मार्थाबाई पदराने तोंड झाकून ऐकत होती. आणि हळूहळू मास्तरांचे शब्द विरळ होत गेले. भिंतीकडचा, रिकामा असलेला त्यांचा डावा हात इतका वेळ हवेत काहीतरी चाचपत होता. एकाएकी तो थांबला. बोटे मिटली. कोणी तरी हात हातात घ्यावा तशी मिटली. मास्तरांनी एक दीर्घ श्वास सोडला आणि मान उशीवर कलंडली.

“गेले!” म्हणून मार्थाबाईने हंबरडा फोडला. ठकूबाईने ओठांवर बोट ठेवले. “गप, बाय माझी. निजल्यात.”

मास्तर निजले ते दुसऱ्या दिवशी उन्हे अंगणात येईपर्यंत. अंगाला दरदरून घाम सुटला होता, कपाळ गार पडले होते. ठकूबाई जागची हलली नव्हती. त्यांनी डोळे उघडले, आणि पाणी मागण्याआधी एकच प्रश्न विचारला.

“मार्था, या बाजूला कोण बसलं होतं?”

“कोण बसणार? तिकडं भिंत आहे.”

“नाही गं. उजवा हात ठकूबाईनं धरला होता. तिचे हात मला कळत होते, शिंदीच्या पानांनी चिरलेले. पण हा डावा हात दुसऱ्या कुणीतरी धरला होता. मी पडत होतो... खोल, खाली. आणि इकडून कुणीतरी धरलं. मोठा हात होता. कष्टकऱ्याचा असावा तसा.” बोलता बोलता मास्तर थांबले. त्यांनी आपला डावा तळहात डोळ्यांसमोर आणला. “त्या हाताच्या मधोमध वण होता, मार्था. मला लागत होता.”

मार्थाबाईने भिंतीवरून हात फिरवून पाहिला. भिंत होती तशीच होती, चुन्याने रंगवलेली. ठकूबाईने मात्र भिंतीकडे पाहून पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

“तो काय विचारत होता?” तिने दबक्या आवाजात विचारले.

“काहीच नाही,” मास्तर म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. “मी घाबरत होतो त्यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. नुसतं धरून ठेवलं.”

प्रभूची करुणा अशी आहे! जो दारावर पहारा करीत बसला होता आणि स्वतः कधी आत गेला नव्हता, त्यालाही ती घरात उचलून घेते.

तीन आठवड्यांनी पाळकसाहेब आले. उपासनेला मंदिर भरून गेले होते. मास्तर काठी टेकीत आले. अंगाची नुसती हाडे राहिली होती, पण चेहरा असा निवांत की लोक वळून वळून पाहत. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले, “मास्तर, बाप्तिस्म्यासाठी कोण तयार आहे?”

“ठकूबाई,” मास्तर म्हणाले.

“परीक्षा झाली?”

“माझी झाली, साहेब. हिच्यासमोर.” मास्तरांनी ठकूबाईकडे बोट केले. “मी सगळं पाठ केलं होतं, पण मरणाच्या दारात माझ्या उपयोगी पडलं ते या बाईचं एक वाक्य. तिला मी तीनदा परत लावलं. चारचौघांत तिचं हसं केलं. आज चारचौघांतच सांगतो, मी चुकलो.”

ते महाराजांच्या पाया पडायला वाकले. महाराजांनी त्यांना मध्येच धरले. “मी तर इथं पडवीत बसून होतो, मास्तर. तिथं जाऊन कोण बसलं होतं?”

मास्तर वळले. काठी बाजूला ठेवून, अशक्त गुडघे कसेबसे टेकून, त्यांनी सगळ्या मंडळीदेखत ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. बायांच्या बाजूला हुंदके ऐकू येऊ लागले. ठकूबाई बिचारी पार भांबावून गेली. पाय मागे घ्यावेत तर मास्तर पडतील, म्हणून ती तशीच अवघडून उभी राहिली, आणि खाली वाकून त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणू लागली, “उठा, दादा, उठा. आत्ता कुठं ताप उतरलाय तुमचा.”