बेलपानांतला प्रोसेसर

"मग जुनाच बरा होता, असं म्हणतोस?"

अप्पांनी हे विचारलं तेव्हा मन्मथचं डोकं टेबलाखाली होतं. तिसऱ्यांदा बटण दाबून झालं होतं. पंखा फिरत होता, हिरवा दिवाही लागत होता. पडदा मात्र काळा तो काळाच.

"तसं कोण म्हणतंय, अप्पा? नवा प्रोसेसर जुन्याच्या चौपट वेगानं काम करतो."

"हं... मग करत का नाही?"

मन्मथनं चौथ्यांदा बटण दाबलं.

अप्पांचा मठ लहानसाच, तीन खोल्यांचा. पण कपाटात हस्तलिखित पोथ्यांची चाळीस बाडं होती. एकेका पानाचा फोटो काढून तो कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम मन्मथ तीन वर्षं करत होता. कॉम्प्युटर कुठल्याशा कॉलेजनं मोडीत काढलेला. एक पान उघडायला सांगावं, चहा पिऊन यावं, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठं पान समोर यायचं. कंटाळून त्यानं लातूरहून नवा प्रोसेसर आणला होता.

पण आजचा राग नुसता कॉम्प्युटरचा नव्हता.

दर सोमवारी अप्पा मठात निरूपण करायचे. ऐंशी ओलांडलेले अप्पा. एकेका वचनावर तासभर थांबायचे. मध्येच पाणी प्यायचे. मध्येच समोरच्या म्हातारीला, गुडघा कसा आहे, म्हणून विचारायचे आणि मग कुठं होतो ते विसरायचे. मन्मथला ती सगळी वचनं तोंडपाठ होती. वीस मिनिटांत त्यानं सगळ्यांना अर्थ समजावला असता.

म्हणून आज सकाळी त्यानं स्पष्टच सांगून टाकलं होतं.

"अप्पा, या सोमवारपासून निरूपणाला मी बसतो. तुम्ही आराम करा. ते जमणार नसेल, तर आज पाचच्या एसटीनं मी निघतो."

पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. अप्पांनी पिशवीच्या दिशेनं पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे त्यांना ती धूसरच दिसली असणार.

"यंत्राला आज नवा बसवणार होतास ना? ते चालू कर आधी. मग सांगतो."

आता दुपारचा एक वाजला होता.

मन्मथनं लातूरच्या दुकानात मुजीबभाईंना फोन लावला. सगळं ऐकून मुजीबभाई हसले.

"प्रोसेसर ज्यावर बसतो, तो तुमचा बोर्ड जुना आहे, मन्मथराव. हा नवा कोण, ते त्याला माहीतच नाही. ओळखच नाही तर दार कसं उघडणार?"

"मग ओळख कोण करून देणार?"

"जुना. जुना प्रोसेसर लावा, मशीन चालू करा, पेन ड्राइव्हवरून बोर्ड अपडेट करा. मग नवा बसवा. डब्यात काळा पेन ड्राइव्ह टाकलाय ना मी."

मन्मथनं डबा उलटा केला. पेन ड्राइव्ह टपकन टेबलावर पडला.

"हे आधी सांगायचं होतं, मुजीबभाई."

"सांगत होतो की. तुम्ही म्हणालात, मला काय शिकवताय." मुजीबभाई पुन्हा हसले. "जुना आहे ना जवळ?"

मन्मथनं टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मग फोन ठेवून तो अंगणात धावला.

अंगणात बसव्वा फुलं ओवत बसली होती. मठाची झाडलोट आणि मठातल्या माणसांची खरडपट्टी, दोन्ही कामं तिच्याकडं.

"बसव्वा, सकाळी मी तुम्हाला एक चौकोनी तुकडा दिला होता. खाली बारीक टोकं असलेला."

"दिलास कुठं? फेकलास की माझ्याकडं. म्हणलास, न्या, टाका कुठं बी."

"कुठं टाकलात?"

"निर्माल्यात. वर बेल वाहिला."

"निर्माल्यात कशाला?"

"का? पोथीच्या कामाला आलेली वस्तू उकिरड्यावर टाकू?"

ही मठाची जुनी रीत. झिजलेला बोरू, फुटलेली दौत, वाळवी लागलेलं पान... पोथीच्या कामी आलेलं काहीही कचऱ्यात जायचं नाही. ते निर्माल्याच्या हौदात ठेवायचं आणि अमावास्येला नदीत सोडायचं. पहिल्या वर्षी मन्मथ या रीतीला हसला होता. आज त्यानं मुकाट्यानं बाह्या सरसावल्या.

हौदात आठवड्याभराची फुलं कुजत होती. मन्मथ कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागला. झेंडू निघाला, उदबत्तीच्या काड्या निघाल्या, बोरूचं टोक निघालं. अर्ध्या तासानं एका ओल्या बेलपानाला चिकटलेला तो तुकडा हाती लागला.

त्याची दोन टोकं वाकली होती.

मन्मथ तसाच, चिखलाच्या हातांनी, अप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"संपलं, अप्पा. टोकं वाकलीत. हा आता बसायचा नाही, आणि हा नाही तर नवाही नाही."

"दे इकडे."

"तुम्हाला दिसणार नाही ते."

"म्हणून तर दे म्हणतो."

अप्पांनी तुकडा उपरण्यानं हलकेच टिपला. मग त्या शेकडो टोकांच्या रांगांवरून करंगळी फिरवली. जुन्या पोथीच्या पानावरून फिरवायचे, तशी.

"हे एक. आणि हे, कडेचं."

"ते मला दिसतंय, अप्पा."

"मग सरळ का करत नाहीस?"

"हात थरथरतोय."

"कशानं?"

"राग आलाय."

"कुणाचा?"

'तुमचा' हा शब्द मन्मथच्या ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला.

"सगळ्यांचा."

"बरं... यादी मोठी दिसते. मग असं कर, याला उन्हात ठेव तासभर. ओला आहे. तूही बस त्याच्याशेजारी."

मन्मथ बसला. करणार काय? पायरीवर स्वच्छ फडकं, फडक्यावर तो इवलासा तुकडा, आणि शेजारी पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेला हा शिकलासवरलेला माणूस, त्याची राखण करत. येणारे-जाणारे पाहून जात होते. एकानं तर विचारलंसुद्धा, कुरडया घातल्या का म्हणून.

बसव्वानं ओवायची सुई आणून दिली.

"घे. आणि रागानं ढोसू नको. मोडंल."

तासाभरानं हात शांत झाला. मन्मथनं श्वास रोखून सुईच्या टोकानं एक टोक उभं केलं, मग दुसरं. नवा प्रोसेसर काढला आणि जुना त्याच्या जागी ठेवला. तो अलगद बसला. त्यावर पंखा कसला आणि बटण दाबलं.

जुनं मशीन नेहमीसारखं कण्हत, कुरकुरत जागं झालं. हे कण्हणं तीन वर्षं मन्मथच्या डोक्यात जात होतं. आज पडदा उजळला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि अपडेट सुरू केलं. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. खाली लिहिलं होतं : काम पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका.

साडेचार वाजले. पट्टी अर्ध्यावर आली.

पावणेपाच वाजले. पट्टी अर्ध्यावरच होती.

"अडकला," मन्मथ म्हणाला. "मरू दे. बंद करून पुन्हा लावतो."

त्याचा हात बटणाकडे गेला. अप्पांनी तो वरच्या वर मनगटाशी धरला. ऐंशी वर्षांच्या त्या हातात एवढा जोर असेल, असं मन्मथला वाटलं नव्हतं.

"अडकला कशावरून?"

"हलत नाही ना तो."

"जुना नव्याबद्दल सांगत असेल."

"काय सांगत असेल, अप्पा? यंत्र आहे ते."

"मग यंत्रावर एवढा का चिडतोस?"

अप्पांनी मनगट सोडलं नाही. दोघं त्या पट्टीसमोर बसून राहिले. अप्पांना ती दिसतही नव्हती.

...

फाट्यावरून एसटीचा भोंगा ऐकू आला.

"तुझी गाडी," अप्पा म्हणाले. आता मात्र त्यांनी हात सोडला.

मन्मथनं पिशवीकडे पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. ती केसभर पुढं सरकली होती.

"आता याला एकटं सोडलं आणि मध्येच काही झालं, तर बोर्ड कायमचा जाईल," तो म्हणाला.

"हं."

भोंगा पुन्हा वाजला. मग गाडीचा आवाज हळूहळू लांब गेला. मन्मथ जागचा हलला नाही.

सव्वापाचला पट्टी भरली. मशीन आपणच बंद झालं आणि पुन्हा कण्हत उठलं. सगळं ठीक असल्याची खात्री करून मन्मथनं ते बंद केलं. जुना प्रोसेसर उतरवला. नवा बसवला. पंखा कसला.

बटण दाबताक्षणी पडदा उजळला.

त्यानं एका पोथीचं पान उघडलं. बोट उचलायच्या आत ते समोर आलं. दुसरं पान, तिसरं पान... चहाला जायला आता सवडच उरली नव्हती.

सकाळपासून याच क्षणाची त्यानं वाट पाहिली होती. पण त्याचं लक्ष दुसऱ्या हाताकडे होतं. त्या हातात जुना प्रोसेसर होता, अजून कोमट.

"चालू झालं, अप्पा."

"कळलं. कण्हला नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, चालू झालं की सांगतो..." मन्मथचा आवाज सकाळच्यापेक्षा खाली आला होता. "सोमवारी मी कुठं बसू?"

अप्पा आपल्या बैठकीवर जरा बाजूला सरकले. अर्धी घोंगडी मोकळी झाली.

मन्मथनं त्या मोकळ्या घोंगडीकडे पाहिलं. मग त्यानं हातातला तुकडा पुढं केला.

"आणि हा? निर्माल्यात देऊ बसव्वाला?"

अप्पांनी चाचपून त्याचा हात शोधला आणि त्याची बोटं एकेक करून त्या तुकड्यावर मिटवली.

"जपून ठेव. तू म्हातारा झालास की तुझ्याही दाराशी कुणीतरी अशीच भरलेली पिशवी ठेवेल."