गरगऱ्या बॉबिन भरेना

पुढे दुकान. मागे शिलाईची खोली. खोलीच्या कोपऱ्यात एक बीळ. बिळात राहायची टिकली उंदरी. केवढी? तुमच्या अंगठ्याएवढी.

बिळाच्या तोंडावर एक पडदा होता. जुन्या गोधडीचा तुकडा. पडदा असला की बीळ दिसायचं नाही. दुकानात येणाऱ्या बोक्याला वाटायचं, कोपऱ्यात चिंधी पडली आहे.

एक दिवस पडदा उसवला. टर्रर्र. मधोमध भगदाड पडलं. भगदाडातून बीळ दिसू लागलं. आत टिकलीची धाकटी भावंडं झोपली होती. त्यांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते. आई दाणे आणायला लांब गेली होती.

आणि बोका? बोका दुकानात होता. कापडाच्या गठ्ठ्यावर झोपला होता. घुर्र घुर्र. दिवे लागले की तो उठायचा. उठला की मागे यायचा. कोपरान् कोपरा हुंगायचा.

टिकलीची छाती धडधड धडधड.

तुरूतुरू तुरूतुरू टिकली निघाली. शिवणाऱ्या यमुनाक्काकडे गेली.

"अक्का अक्का, पडदा शिव. माझं बीळ लपेना."

अक्का म्हणाली, "शिवते की गं बाई. पण खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी आहे. बॉबिन भरली, तर शिवीन."

"मग मशीनवर भर की."

"मशीनवर गिऱ्हाइकाची गोधडी अर्धी आहे. तिचा ओवलेला दोरा उपसू? मग तिची शिवण बिघडेल. म्हणून तर बॉबिन भरायचं यंत्र वेगळं ठेवलंय. त्याच्याकडे जा."

अक्काने रिकामी बॉबिन टिकलीपुढे ठेवली.

घुर्र घुर्र. बोका झोपला होता. टिकलीची छाती धडधड धडधड.

तुरूतुरू तुरूतुरू टिकली निघाली. टेबलावर दोन यंत्रं होती. एक मोठं, चकचकीत. टिकली त्याच्याकडेच गेली. त्याच्या दांडीवर बॉबिन ठेवली. दांडी जाड, भोक बारीक. बॉबिन बसेना.

मोठं यंत्र म्हणालं, "चकाकी बघून आलीस होय? आधी आपली बॉबिन बघावी, मग यंत्र निवडावं. तुझी बॉबिन त्या धाकट्याच्या मापाची."

धाकट्या यंत्राचं नाव गरगऱ्या. रंग उडालेला, पण दांडी बारीक. बॉबिन टक् करून बसली.

"गरगऱ्यादादा गरगऱ्यादादा, बॉबिन भर.
अक्का पडदा शिवेना,
माझं बीळ लपेना."

गरगऱ्या म्हणाला, "भरतो की. पण दोरा कुठाय? नुसतं फिरून चक्कर येते मला. रीळ खाली आलं, तर भरीन."

घुर्र घुर्र. बोका झोपला होता. भिंतीवरचं ऊन वर सरकलं. टिकलीची छाती धडधड धडधड.

तुरूतुरू तुरूतुरू टिकली दुकानात गेली. वरच्या फळीवर लाल दोऱ्याचं रीळ होतं.

"रीळमामा रीळमामा, खाली या.
गरगऱ्या बॉबिन भरेना,
अक्का पडदा शिवेना,
माझं बीळ लपेना."

रीळ म्हणालं, "येतो की. पण उडी मारली तर दोरा सुटेल. सगळा गुंता होईल. काकांनी काढलं, तर येईन."

घुर्र घुर्र. बोका झोपला होता. ऊन आणखी वर सरकलं. टिकलीची छाती धडधड धडधड.

तुरूतुरू तुरूतुरू टिकली गल्ल्याजवळ गेली. तिथे दुकानाचे मालक बसले होते. धनपालकाका.

"काका काका, रीळ काढा.
रीळ खाली येईना,
गरगऱ्या बॉबिन भरेना,
अक्का पडदा शिवेना,
माझं बीळ लपेना."

काका म्हणाले, "काढतो की बेटा. पण डोळ्यांवर चष्मा नाही. मागे असाच चष्म्याविना दोरा दिला. मास्तरांच्या काळ्या कोटाला हिरवी शिवण बसली. वर्गभर पोरं हसली. चष्मा मिळाला, तर काढीन."

"चष्मा कुठाय काका?"

काका हळूच म्हणाले, "गठ्ठ्यावर ठेवला होता. त्याच्यावर बोका झोपलाय. त्याला मी नाही उठवत बाबा. ओरबाडतो तो."

टिकलीने गठ्ठ्याकडे बघितलं.

घुर्र घुर्र… घुर्र…

आणि घुरघुर थांबली.

बोक्याने एक डोळा उघडला. हिरवा डोळा. टिकलीचे पाय जागच्या जागी थिजले. पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठे? बिळाला तर भगदाड.

टिकली लांबूनच म्हणाली, "बोकोबा बोकोबा, उठा.
चष्मा काकांना मिळेना,
काका रीळ काढीनात,
रीळ खाली येईना,
गरगऱ्या बॉबिन भरेना,
अक्का पडदा शिवेना…"

शेवटची ओळ टिकलीने गिळून टाकली. बिळाचं नाव बोक्यापुढे कशाला काढायचं?

बोका म्हणाला, "पडदा? कशाला गं पडदा?"

"उजेड लागतो डोळ्यांना."

बोक्याने मिशा चाटल्या. "तू माझ्याजवळ आलीस, तर उठीन."

टिकलीने जवळचं कपाट हेरलं. मग म्हणाली, "तुम्ही उठलात, तर येईन."

"तू आधी."

"तुम्ही आधी."

बोक्याला भूक लागली होती. तो उठला.

झाप. बोक्याने उडी मारली. सुर्रर्र. टिकली कपाटाखाली.

बोका उठला, चष्मा मिळाला.
चष्मा मिळाला, काकांनी रीळ काढलं.
काकांनी काढलं, रीळ खाली आलं.

काकांनी चष्म्यातून बोक्याकडे नीट बघितलं. "माझ्या चष्म्यावर बसतोस? चल बाहेर." काठी आपटली, ठक ठक. बोका दारातून बाहेर गेला. पण घरी गेला नाही. कौलांवर चढला. मागच्या खिडकीकडे निघाला. थप. थप. थप.

पुढे रीळ, घरंगळ घरंगळ. मागे टिकली, तुरूतुरू तुरूतुरू.

गरगऱ्याला दोरा ताणून धरणाऱ्या दोन चकत्या होत्या. दोरा आधी त्या चकत्यांमधून घ्यायचा. मग बॉबिनला गुंडाळायचा. पण कौलांवर थप थप. टिकलीने घाई केली. चकत्या सोडल्या. दोरा थेट बॉबिनला लावला. गर्रर्र गर्रर्र. बॉबिन भरली.

अक्काने बॉबिन नखाने दाबून बघितली. पचक.

"फुसकी भरली गं. कापसासारखी. हिचा टाका ढिला पडेल. बोक्याच्या एका नखात उसवेल. परत भर."

"अक्का, बोका येतोय."

"म्हणूनच सांगते, परत भर."

थप. थप. बोका खिडकीच्या वर आला. टिकलीने सगळा दोरा काढला. दोरा चकत्यांमधून घेतला. नीट, हळू. मग बॉबिनला गुंडाळला. गर्रर्र गर्रर्र. दोरा ताठ. थरावर थर. बॉबिन काठापर्यंत भरली आणि टक्. गरगऱ्या आपणहून थांबला.

गरगऱ्याने भरली, अक्काने दाबली.
बॉबिन कडक, अगदी सुपारी.
खटखट खटखट, अक्काने पडदा शिवला.

धप्. बोका खिडकीबाहेर उतरला.

टिकलीने पडदा ओढत नेऊन बिळाच्या तोंडावर अडकवला. सुर्रर्र बिळात शिरली. तिच्यामागे पडदा सरळ झाला.

बोका आत उतरला. बिळाबाहेर पावलं आली. थप. थप. थांबली. पडद्यापाशीच थांबली.

आत अंधार. एक पिल्लू ची करायला गेलं. टिकलीने त्याच्या तोंडावर शेपूट ठेवलं.

बोक्याने पडदा हुंगला. फुस् फुस्. मग शिवणीत नख घातलं. करकर. ओढलं. करकर. टिकलीने डोळे घट्ट मिटले.

टाका सुटला नाही. एकही नाही.

बोका म्हणाला, "हॅट्. चिंधी आहे." शेपूट उडवलं आणि खिडकीतून निघून गेला.

टिकलीने कान लावला. थप थप लांब गेलं. आणखी लांब गेलं. मग ऐकूच येईना.

टिकलीची छाती धडधड… धड… धड…

ती भावंडांच्या मधे शिरली. नाक त्यांच्या पोटात खुपसलं. आई येईपर्यंत तिला झोपही लागली.

बॉबिनचा दोरा सरला, गोष्टीचा शेवट झाला. आता तुमच्या अंगावरचं पांघरूण ओढा.