सुटे हात

"…पण आकडा मर्यादेत होता ना, चाचा! मग तपासणी बंद का केलीत?"

यशोधन तावातावाने विचारत होता. भौतिकशास्त्रात सुवर्णपदक, आणि आमच्या एमआरआय विभागात येऊन जेमतेम दीड महिना. तांबोळीचाचा तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. त्यांच्याकडे शिकायला आलेला हा पोरगा त्यांनाच शिकवू पाहत होता. मी तिथली नर्स. मला असा राग आला म्हणता!

चाचांचं लक्ष काचेपलीकडे, यंत्राबाहेर दिसणाऱ्या आखडलेल्या पावलांवर होतं.

यंत्रात सिंधूताई होत्या. आजारी लेकीला त्यांना आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा होता. त्यात चरबी किती आहे, ते सुई न टोचता मोजणं चाललं होतं. मोजताना रेडिओलहरींनी अंग तापतं. ते फार तापू नये म्हणून पडद्यावर तो आकडा असतो.

"आणि त्यांनी चेंडू दाबला नाही," यशोधन म्हणाला. "त्रास झाला की दाबा, असं मी स्वतः सांगितलंय."

"चेंडू आहे कुठे?"

चाचा आत गेले. मागोमाग आम्ही दोघं. त्यांनी ताईंना यंत्रातून बाहेर घेतलं.

रबरी चेंडू मांडीपाशी पडला होता. ताईंनी छातीवर हात जोडले होते, डोळे घट्ट मिटलेले.

चाचांनी तळवे अलगद वेगळे केले. मनगटापाशी, जिथं कातडीला कातडी टेकली होती, तिथं दोन्हीकडे लालभडक डाग.

"हात जुळले की त्यांचं कडं होतं," चाचा हळूच म्हणाले. "त्यातून वीज फिरते, आणि टेकलं तिथं भाजते. आकड्यात ते दिसत नाही."

यशोधनचं तोंड उतरलं.

"ताई, चटका बसत होता?" चाचांनी विचारलं.

"बसत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"थांबवलं तर मला नापास कराल, असं वाटलं…" ताईंना हुंदका आला. "तिला दुसरं कोण आहे हो?"

मी त्यांचे डोळे पुसले.

डॉक्टर येऊन बघून गेले. फोड नव्हता, नशीब. मी गार पाण्याची पट्टी ठेवली. लाली उतरल्यावर चाचांनी ताईंच्या दोन्ही दंडांशी चादरीच्या घड्या सरकवल्या आणि चेंडू मुठीत दिला.

"नापास कुणी करत नाही. पुन्हा घेऊ. फक्त हात असेच सुटे ठेवायचे."

ताई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "हात न जोडता देवाला कसं सांगू?"



यशोधन पडद्याच्या खोलीकडे वळला. चाचांनी त्याचा दंड धरला. खिशातून, यंत्राच्या आवाजासाठी कानात घालायचे बोळे काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"आकडा मी बघतो. तू इथं त्यांच्या पायाशी उभा राहा… हात जोडून."